जादू शिकवणारा व्हिडिओ विकत घेण्यापूर्वी

जाहिरात आधी आवाज बंद करून पाहा. नेमक्या चमत्काराच्या क्षणी दृश्य कापलं असेल किंवा प्रेक्षकांचे चेहरे दाखवले असतील, तर बहुधा तिथेच काहीतरी लपवलंय. सलग, न कापलेला प्रयोग कुठेच दिसत नसेल तर घेऊ नका.

मग कपडे आणि बसण्याची पद्धत. कोट घालून टेबलामागे बसलेला जादूगार अनेकदा वस्तू बाहीत सरकवतो किंवा मांडीवर टाकतो. मुंबईच्या उकाड्यात, अर्ध्या बाहीच्या शर्टात, चाळीच्या गॅलरीत चहूबाजूंनी माणसं उभी असताना ते जमणार नाही. अदृश्य धाग्याचे प्रयोग पंख्याखाली करून बघा. वाऱ्याने धागा हलतो, तुटतो.

मापंही तपासा. परदेशी धड्यांत बरेचदा अमेरिकेचं अर्ध्या डॉलरचं नाणं असतं, व्यास ३०.६ मिमी. आपलं दहाचं नाणं २७ मिमी. तळहातात ते दुसऱ्याच जागी धरावं लागतं.

‘सरावाची गरज नाही’ म्हणजे बहुतेक वेळा खास बनवलेलं सामान. ते प्रेक्षकाच्या हातात देता येतं का आणि पुन्हा मांडायला किती वेळ लागतो, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा.