एनक्लेक्सचा क्लास: आधी पेपर सोडवा, मग फी भरा

एनक्लेक्स म्हणजे अमेरिकेत नर्स म्हणून काम करण्याच्या परवान्याची परीक्षा. ती देऊन नांदेड, लातूर, संभाजीनगरमधून अमेरिकेला जायचं ठरवणाऱ्या बहुतेक सिस्टर-ब्रदर मंडळींचा क्रम उलटा असतो. आधी क्लासची फी भरली जाते, मग कागदपत्रं सुरू होतात. ट्रान्सक्रिप्ट, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची पडताळणी आणि अमेरिकी राज्याच्या बोर्डाची पात्रता या तिन्हींना मिळून कित्येक महिने जातात. तोवर सहा महिन्यांसाठी घेतलेल्या ऑनलाइन प्रश्नसंचाची मुदत संपलेली असते. म्हणून फाईल बोर्डाकडे पोहोचल्याशिवाय मुदतीचं काहीही विकत घेऊ नका. आधीचा काळ इंग्रजी आणि फार्माकॉलॉजीच्या उजळणीला पुरेपूर लागतो.

पात्रता मिळाली की एटीटीची, म्हणजे परीक्षेला बसायच्या परवानगीची, मेल येते. तिची मुदत साधारण 90 दिवसांची असते, राज्यानुसार बदलते, आणि संपली की वाढवून मिळत नाही. नोंदणीचे 200 डॉलर आणि भारतातलं सेंटर घेतलं तर वरचे 150 डॉलर पुन्हा भरावे लागतात. क्लासची मुदत एटीटीच्या शेवटच्या तारखेपुढे किमान दोन महिने जायला हवी, कारण नापास झालात तर पुन्हा बसायला 45 दिवस थांबावं लागतं.

आता क्लास निवडण्याआधीचं काम. एखाद्या मोफत चाचणीतले 85 प्रश्न एका बैठकीत, घड्याळ लावून सोडवा. खऱ्या परीक्षेत 85 ते 150 प्रश्न आणि पाच तास असतात, म्हणजे सगळे 150 आले तरी प्रश्नाला दोन मिनिटं. मग चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक खूण करा: विषयच माहीत नव्हता, प्रश्नाचं इंग्रजी निसटलं, की माहीत असून प्राधान्य चुकलं. पहिल्या प्रकारच्या खुणा निम्म्याहून जास्त असतील तर पूर्ण अभ्यासक्रम शिकवणारा क्लास घ्या. तिसऱ्या जास्त असतील तर चांगला प्रश्नसंच आणि सराव सोडवून घेणारे थोडे तास पुरतात, तिथे 40 हजारांची बॅच म्हणजे पैसे पाण्यात. इंग्रजीच्या खुणा जास्त असतील तर क्लास दोन महिने पुढे ढकला.

आपल्याकडे तिसरा प्रकार जास्त निघतो. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या मुलांना पाठांतर आणि चाचण्यांचा मारा अंगवळणी असतो, पण इथे चारही पर्याय बरोबर दिसतात आणि पहिलं काय करायचं ते विचारलं जातं. काम कुणाला सोपवायचं हे तर आपल्या वॉर्डातल्या अनुभवाच्या उलट जातं. अमेरिकी हिशेबात नव्या रुग्णाचं पहिलं मूल्यमापन, रुग्णाला शिकवणं आणि परिणाम तपासणं ही कामं आरएनची, म्हणजे नोंदणीकृत नर्सची. स्थिर रुग्णाचं बीपी-पल्स घेणं, इनटेक-आउटपुट लिहिणं सहायकाकडे देता येतं. एप्रिल 2023 ते मार्च 2026 च्या परीक्षेच्या आराखड्यात मॅनेजमेंट ऑफ केअरला (कामं सोपवणं, प्राधान्य ठरवणं) 15 ते 21 टक्के आणि औषधांना 13 ते 19 टक्के जागा होती. हा आराखडा दर तीन वर्षांनी बदलतो आणि परीक्षा घेणाऱ्या एनसीएसबीएन या संस्थेच्या साइटवर फुकट मिळतो. शिक्षक कोणत्या आराखड्यावर शिकवतात ते विचारा. उत्तर चाचपडत आलं तर पुढचा क्लास बघा.

डेमोला बसताना सरांचं बोलणं किती ओघवतं आहे ते बाजूला ठेवा. एक केस स्टडी, म्हणजे एकाच रुग्णाच्या माहितीवरचे सगळे प्रश्न, पूर्ण सोडवून मागा. एप्रिल 2023 पासून प्रत्येकाला तीन केस स्टडी येतात, प्रत्येकीत सहा प्रश्न. बो-टाय, मॅट्रिक्स, हायलाइट असे नवे प्रश्नप्रकार संचात नसतील तर तो संच जुना आहे. मग एखाद्या प्रश्नाचा चुकीचा पर्याय दाखवून विचारा, हा का नको? बरोबर उत्तर का बरोबर हे कुणीही सांगतं, बाकीचे तीन का बाद झाले हे सांगता आलं तर शिकवणारा पक्का.

सराव-ॲपमध्ये मागच्या प्रश्नावर परत जाता येत असेल तर सावध व्हा, परीक्षेत तसं जाता येत नाही. ‘आमच्या मॉकला 90 टक्के’ ही जाहिरातही फसवी. तुम्ही बरोबर लिहीत गेलात की खरी परीक्षा कठीण होत जाते, त्यामुळे टक्केवारीला अर्थ उरत नाही; नव्वद टक्के मिळत असतील तर मॉकच सोपा आहे. ‘लागू असलेले सर्व निवडा’ प्रकारात चुकीच्या खुणेला गुण वजा होतात (शून्याखाली जात नाहीत), हा नियम संचात आहे का तेही बघा.

औषधांची नावं आणि मापं हा छोटा पण नेमका सापळा आहे. आपलं पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन, पेथिडीन म्हणजे मेपेरिडीन. वजन पौंडात येतं: 44 पौंडांचं मूल 20 किलोचं, 15 मिग्रॅ प्रति किलो डोस असेल तर 300 मिग्रॅ. क्लासच्या नोट्समध्ये अजून पॅरासिटामॉलच लिहिलेलं असेल तर त्या नोट्स कुठल्यातरी भारतीय भरतीच्या परीक्षेच्या आहेत, समजा.

वेळेचं गणित ड्युटीशी जुळवा. न्यूयॉर्कच्या संध्याकाळी सातची लाइव्ह बॅच उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला, हिवाळ्यात साडेपाचला येते. घाटी रुग्णालयात नाइट करणाऱ्याला ती झेपत नाही. रेकॉर्डिंग डाउनलोड होतं का ते आधी विचारा, कारण खेड्यात लाइट गेली की लाइव्हचं काही खरं नाही. 2000 प्रश्नांचा संच ड्युटीच्या दिवशी 40 प्रमाणे 50 दिवसांत संपतो. स्पष्टीकरणं वाचायला सोडवण्याइतकाच वेळ लागतो, तो धरून ठेवा.

‘पास होण्याची हमी’ म्हणजे बहुतेक वेळा पुन्हा फुकट बसू देणं एवढंच. परतावा मिळणार का, किती दिवसांत, हे पावतीवर लिहून घ्या. 50 हून जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासला खात्रीशीर यशाची जाहिरात करायला 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी मनाई आहे. तक्रारीसाठी 1915 हा ग्राहक हेल्पलाइन क्रमांक आहे. ‘मागच्या आठवड्यात आलेले प्रश्न’ विकणाऱ्या टेलिग्राम ग्रुपपासून लांब राहा. गोपनीयतेची अट परीक्षेच्या सुरुवातीला मान्य करावी लागते आणि मोडली तर निकाल रद्द होऊ शकतो.

तिघींनी मिळून एकच लॉगिन घेण्याचा मोह होतो, पैसे वाचतात. पण तुमचे कच्चे विषय कोणते हे संच तुमच्याच चुकांवरून ठरवतो. तिघींच्या चुका एकत्र झाल्या की तो अहवाल कुणाचाच राहत नाही.