कमॅरोच्या मागच्या चाकांची पकड वाढवण्यापूर्वीची तयारी

1967 ते 1969 या काळातील शेवरोले कमॅरो या अमेरिकन गाडीत मोठे इंजिन असेल आणि पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर मागची चाके जागच्या जागी फिरतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे संपूर्ण ॲक्सल धडधडत उड्या मारू लागतो. 1969 च्या एसएस 396 या ताकदवान कमॅरोतील एल78 इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) 415 पौंड-फूट, म्हणजे सुमारे 563 न्यूटन-मीटर होता; एम21 गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर 2.20 आणि डिफरन्शियलचे 4.10 धरले, तर ॲक्सलपाशी हा टॉर्क पाच हजार न्यूटन-मीटरच्या पुढे जातो. त्याच्या प्रतिक्रियेने ॲक्सलचे हाउसिंग (बाहेरचे कवच) उलट दिशेने पिळले जाते, पिनियनचे नाक, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट जोडला जातो ते हाउसिंगचे पुढचे टोक, वर उचलले जाते, ॲक्सलला धरणाऱ्या पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) इंग्रजी एस अक्षरासारखा बाक येतो आणि टायर सुटताच ते पाटे झटक्याने पूर्ववत होतात. हे चक्र सेकंदात अनेकदा घडले की त्यालाच चाकांचे उड्या मारणे म्हणतात आणि त्यात युनिव्हर्सल जॉइंट, क्राउन-पिनियन, ॲक्सल शाफ्ट यांपैकी काहीही तुटू शकते. म्हणून खालील तयारीत सर्वाधिक भर हाउसिंगचे हे पिळणे रोखण्यावर आहे. रुंद टायर त्यानंतर घ्यावेत, कारण पकड वाढली की पाट्यांवर येणारा पीळही वाढतो.

प्रथम गाडी सपाट जमिनीवर भक्कम स्टँडवर घ्यावी, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये, आणि मागे कोणते पाटे आहेत ते पाहावे. 1967 साली या गाडीला प्रत्येक बाजूला एकाच पात्याचा पाटा होता आणि दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर ॲक्सलच्या एकाच बाजूला होते. उड्यांची तक्रार लगेच पुढे आल्याने त्या वर्षीच्या ताकदवान गाड्यांना उजवीकडे हाउसिंग धरून ठेवणारा एक दांडा दिला गेला, आणि 1968 पासून अशा गाड्यांवर अनेक पात्यांचे पाटे आले व शॉकची मांडणी बदलून एक ॲक्सलच्या पुढे व एक मागे अशी झाली. हाउसिंग कोणत्याही दिशेने फिरू लागले तरी त्याला विरोध व्हावा, हा त्या मांडणीमागचा साधा आणि अत्यंत योग्य विचार होता. आज रस्त्यावर दिसणाऱ्या अनेक गाड्या मुळात साध्या सहा सिलिंडरच्या किंवा लहान व्ही-8 च्या होत्या आणि मोठे इंजिन त्यांत नंतर बसवले गेले. त्यांच्याखाली अजून एकपाती पाटा असेल, तर पुढचे सर्व खर्च बाजूला ठेवून आधी तो बदलावा. बदलताना खालच्या प्लेटी, बोल्ट आणि रबरी गाद्याही नव्या पाट्यांना जुळणाऱ्याच घ्याव्या लागतात, याची नोंद मागणीच्या यादीत आधीच करावी.

पाट्यांचा पुढचा डोळा, म्हणजे बोल्टसाठी वळवलेले गोल टोक, ज्या कप्प्यात बसतो, तो कप्पा बॉडीला बोल्टने जोडलेला असतो आणि गाडीला पुढे ढकलणारा सारा जोर त्याच जागेतून बॉडीत शिरतो. तेथील पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून गंज तपासावा, बोल्ट ओढून पाहावेत आणि पत्रा कुजला असल्यास वेल्डिंगचे काम पूर्ण होईपर्यंत बाकी सर्व थांबवावे. त्याच वेळी डोळ्यातील बुशही (बोल्टभोवतीच्या लवचिक नळ्या) तपासावेत. फाटलेले रबरी बुश बदलून पुढच्या डोळ्यात पॉलियुरेथेनचे बसवले तर पाटा मागेपुढे सरकत नाही. रबरीच ठेवायचे असतील तर त्यांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावेत, अन्यथा बुश कायमचा पिळलेला राहतो. ही गाडी पुढच्या अर्ध्या भागात वेगळ्या सबफ्रेमवर उभी असल्याने, सबफ्रेमपासून मागच्या बॉडीपर्यंत जाणारे जोडदांडे बसवण्याचाही विचार करावा. ताकद वाढवलेल्या गाडीत मी ते ऐच्छिक मानत नाही.

पाट्यांचा पुढचा भाग ताठ आणि मागचा मोकळा असावा, हे तत्त्व क्रायस्लरने आपल्या गाड्यांत मुळापासून पाळले होते. तेथे ॲक्सल पाट्याच्या मध्यावर न ठेवता पुढच्या डोळ्याच्या जवळ ठेवला जाई. कमॅरोत तोच गुण थोडासा आणण्यासाठी ॲक्सलच्या पुढच्या पात्यांना घट्ट क्लॅम्प लावावेत आणि मागचे क्लॅम्प सैल ठेवावेत. गाडी खाली आणण्यासाठी पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळे घातले असतील तर ते काढावेत, कारण त्यांनी हाउसिंगच्या पिळाला आणखी लांब तरफ मिळते. मागची बाजू उचलून धरणारे हवेचे शॉकही काढून टाकावेत. ते गाडीचे वजन शॉकच्या नाजूक आधारांवर टाकतात आणि पकडीला काहीही मदत करत नाहीत.

यानंतरच ट्रॅक्शन बारकडे, म्हणजे हाउसिंगचे पिळणे रोखणाऱ्या दांड्यांकडे, वळावे. जुन्या पद्धतीचा बार ॲक्सलखाली पाट्याला घट्ट बसतो आणि हाउसिंग फिरू लागताच त्याच्या पुढच्या टोकावरील रबरी ठोकळा वर जाऊन टेकतो. तो ठोकळा बरोबर पुढच्या डोळ्याखाली आला पाहिजे. मागे पात्याच्या मध्येच टेकला तर पाटा तेथेच वाकतो आणि बारचा उद्देशच संपतो. बाजारातील अनेक बार लांबीला कमी भरतात, म्हणून विकत घेण्यापूर्वी ॲक्सलपासून डोळ्यापर्यंतचे अंतर मोजून ठेवावे. अंतर समायोजित करता येत असेल तर उजवीकडची फट डावीपेक्षा थोडी कमी ठेवावी, कारण प्रॉपेलर शाफ्टचा टॉर्क उजवे चाक जमिनीवरून उचलू पाहतो. कॅलट्रॅक्स प्रकारची रचना अधिक खर्चिक असली तरी मला ती अधिक पटते, कारण तिच्यात हाउसिंगचा पीळ डोळ्याजवळच्या तरफेमार्फत पाट्याला वरून दाबण्याच्या कामी येतो आणि रस्त्यावरील रोजच्या चालीत पाटा मोकळा राहतो.

पिनियनचा कोन गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना कोनमापकाने मोजावा आणि तो जमिनीशी नव्हे, गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या रेषेशी ताडून पाहावा. बार नसलेल्या पाट्यांच्या गाडीत पिनियनचे नाक सुमारे 5 अंश खाली ठेवण्याचा प्रघात आहे. बारने पीळ आवरला असेल तर 2 ते 3 अंश पुरतात. फरक दुरुस्त करण्यासाठी पाट्यावर पाचरी बसवता येतात.

डिफरन्शियलची परीक्षा सोपी आहे: दोन्ही मागची चाके उचलून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून एक चाक हाताने फिरवावे. दुसरे त्याच दिशेने फिरले तर पॉझिट्रॅक्शन, म्हणजे दोन्ही चाकांना जोर देणारे शेवरोलेचे डिफरन्शियल, काम करत आहे. उलट फिरले तर डिफरन्शियल साधे आहे किंवा आतील क्लच झिजले आहेत, आणि तसे असेल तर वरील सारे उपाय करूनही उजवे चाकच धूर काढत राहील.

वजन किती मागे सरकते याचाही हिशेब करून ठेवावा. गाडी 1,600 किलोची, चाकांमधील अंतर 108 इंच म्हणजे 2.74 मीटर आणि गुरुत्वमध्य 0.53 मीटर उंचीवर असे धरले, तर गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणाला सुमारे 155 किलो भार पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर जातो. हा भार लवकर पोहोचावा म्हणून पुढचे शॉक सहज उघडणारे हवेत, आणि बॅटरी डिकीत उजव्या बाजूला हलवणे हा स्वस्त व कायमचा उपाय आहे.

टायर निवडताना आतून पाट्याशी आणि बाहेरून मडगार्डच्या काठाशी राहणारी जागा गाडी पूर्ण दबलेल्या स्थितीत मोजावी. ड्रॅग स्ट्रिपवर चिकट टायर लावणार असाल तर प्रॉपेलर शाफ्टभोवती पोलादी कडे बसवून घ्यावे. पुढचा जॉइंट तुटल्यास शाफ्ट जमिनीत रुतू नये यासाठी ते असते. पहिल्या चाचणीत एका वेळी एकच गोष्ट बदलावी, टायरमधील हवा एकेक पीएसआयने कमी करावी, प्रत्येक धावेनंतर दोन्ही चाकांचे काळे पट्टे पाहावेत आणि गाडी थंड झाल्यावर पाट्यांचे सर्व बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने आवळावेत, कारण नवीन पाती आणि गाद्या पहिल्या काही धावांतच बसतात व बोल्ट सैल पडतात.