कांदा चाळीत, मका डोक्यावर: कॅमेऱ्याच्या लिंकची उंची आताच बघा

भाद्रपद सरत आला. उन्हाळी कांदा अजून चाळीत आहे, भाव जरा हलला की रात्रीची राखण वाढवावी लागते, आणि नेमके याच दिवसांत मळ्यातले कॅमेरे आंधळे होतात. निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या वस्त्यांवर शिडी लावून मी हे दरवर्षी बघतो. कारण बहुतेक वेळा एकच निघतं. लिंक, म्हणजे घरावरची आणि चाळीवरची अशा दोन डिशमधली बिनतारी जोडणी, बसवली एप्रिलात, रान मोकळं असताना. आता मधे मका उभा आहे, बांधावरची शेवरी वर गेली आहे, आणि बसवल्यापासून तिथे पुन्हा कोणी चढून पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका घरी गेलो होतो. घरापासून चाळ साधारण 700 मीटर. गच्चीवर एक पांढरी डिश, चाळीच्या पत्र्यावर दुसरी, समोरासमोर. उन्हाळ्यात मोबाईलवर चाळीच्या दाराची कडीसुद्धा दिसायची. ऑगस्टअखेर चित्र अडकायला लागलं, पाऊस आला की बंदच. विक्रेता म्हणाला, डिश लहान पडते, मोठी टाका. त्या घोळात पंधरा दिवस गेले आणि एका पावसाच्या रात्री चाळीची मागची बाजू उचकटून कांदा गेला. रेकॉर्डिंग साडेअकराला थांबलेलं. मी पत्र्यावर चढलो तर डिशच्या तोंडासमोर मक्याचे तुरे डुलत होते, पानांवरून पाणी निथळत होतं. जुनीच डिश दहा फूट पाइप जोडून वर घेतली. सिग्नल उणे 79 होता, उणे 61 झाला. हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. मोठी डिश घ्यावीच लागली नाही.

म्हणून सांगतो, द्राक्षाच्या छाटणीच्या गडबडीत अडकण्याआधी एक सकाळ याला द्या. पहाटेचं दव असताना किंवा पाऊस नुकताच थांबलेला असताना बघा. या डिश ज्या 5.8 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात, त्या ओल्या पानांत फार जिरतात. दुपारच्या कोरड्या उन्हात ठीक दिसणारी लिंक रात्री दगा देते, ती त्यामुळेच.

समोरची डिश नजरेला दिसली म्हणजे झालं, असं समजू नका. लहरींना दोन्ही टोकांना निमुळती आणि मधे फुगीर, काकडीसारखी मोकळी जागा लागते. तिचा मधला भाग निदान साठ टक्के रिकामा हवा, असं शास्त्र सांगतं. त्या हिशेबाने 5.8 गिगाहर्ट्झवर मधोमध पिकाच्या शेंड्याच्या वर 500 मीटरच्या लिंकला 5 फूट, 700 मीटरला 6 फूट, एक किलोमीटरला 7 फूट मोकळे लागतात. मका 8 फुटांचा असेल तर 700 मीटरला लिंकची रेघ 14 फुटांवरून जायला हवी. ऊस 12 फुटांचा असेल तर 18. माझा अंदाज याहून तीन फूट जास्त धरायचा आहे, कारण शेवरीचा शेंडा एका पावसाळ्यात कुठे जाईल ते सांगता येत नाही. हे मोजमाप आजच्या पिकावर करू नका. त्या रानात पुढे ऊस लावणार असाल तर उसावरच करा.

उंची वाढवणं जमत नसेल तर रेघेत येणारी शेवरी तेवढ्या पट्ट्यात छाटा. वारा अडवायला ती हवीच, मुळापासून काढू नका.

पाइप उभा करताना वर 11 केव्हीची तार नाही ना, हे आधी बघा. लोखंडी पाइप तारेकडे झुकला तर माणूस जातो. तारेपासून पाइपाच्या पूर्ण उंचीपेक्षा जास्त अंतर ठेवा, तीन बाजूंनी ताण द्या, खाली काँक्रीट भरा. परतीचा पाऊस विजा घेऊन येतो आणि मोकळ्या रानात सगळ्यात उंच तुमचाच पाइप असेल. त्याला स्वतंत्र अर्थिंग द्या. गडगडाट सुरू असताना पाइपाला किंवा केबलला हात लावायचा नाही.

बाकीची कामं:
- डिश ते कॅमेरा नेटवर्क केबल 100 मीटरच्या आत, बाहेर टिकणारी.
- एक कॅमेरा आणि एक डिश मिळून साधारण 12 वॅट, म्हणजे दिवसाला जवळपास 290 वॅट-तास. दोन ढगाळ दिवस काढायचे तर 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी लागेल.
- सोलर पॅनल 200 वॅट, तोंड दक्षिणेला, कल 20 अंशांच्या आसपास.
- प्रत्येक कॅमेऱ्यात 128 जीबीचं कार्ड. 2 एमबीपीएसवर पाच-सहा दिवसांचं चित्र राहतं, लिंक तुटली तरी.
- कंपनीचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

सिग्नलचा आकडा डिशच्या ॲपमध्ये दिसतो. तो चाळीच्या दाराआड खडूने तारखेसह लिहून ठेवा. उणे 65 पर्यंत निर्धास्त राहा. उणे 70 च्या खाली घसरला की शिडी लावा. उणे 75 ला चित्र थांबायची वाट बघू नका. एप्रिलचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी शेजारी लिहिले की मका किती आडवा आलाय ते दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही.

खोक्यावर "5 किलोमीटर रेंज" लिहिलेलं असतं, ती मोकळ्या हवेतली असते, तुमच्या उसातली नाही. सिग्नल बूस्टर, फिरणारा महागडा कॅमेरा, महिन्याच्या रिचार्जवर चालणारं सिमकार्ड हे सगळं तुम्हाला दाखवलं जाईल. वस्तीवर मोबाईलची रेंज चांगली असेल तर एखाद्या सुट्या कोपऱ्याला सिमचा कॅमेरा ठीक आहे. चार कॅमेऱ्यांना चार सिम घेऊ नका. 5 गिगाहर्ट्झची लिंक 2018 पासून परवान्याशिवाय वापरता येते आणि तिला महिन्याचा खर्च नाही. मोठी डिश सुचवणाऱ्याला आधी पत्र्यावर चढायला सांगा. तो चढला नाही, तर पैसे देऊ नका.

द्राक्षबागेजवळ कॅमेरा असेल तर ब्लोअरच्या फवारणीची पांढरी साय काचेवर आणि पॅनलवर बसते. फवारणी झाली की ओल्या मऊ फडक्याने पुसा. कॅमेऱ्याच्या रात्रीच्या इन्फ्रारेड उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि त्याचं जाळं हललं की रात्रभर मोबाईल वाजतो. वैतागून माणूस सूचनाच बंद करून टाकतो. तसं करू नका, आठवड्याला झाडू फिरवा.

गोदाकाठच्या उसात बिबट्याचा वावर आहे. कॅमेऱ्यात तो दिसला तर टॉर्च घेऊन बाहेर पडू नका. वासरं आत घ्या, शेजारच्या वस्तीला फोन करा आणि वनविभागाच्या 1926 वर कळवा. ऊस तोडून झाला की लिंक पुन्हा मोजा. तो नवा आकडा पण दाराआड लिहा, कारण पुढचा ऊस त्याच आकड्यावर चढणार आहे.