उतारावर न्यूट्रल आणि गल्लीबोळात डिझेल : या चुका टाळा

गाडीविषयी ठाम मत नसलेला माणूस मला अद्याप भेटलेला नाही. मत असण्याला माझी हरकत नाही; हरकत आहे ती कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल यांत्रिक पद्धतीने मिसळणाऱ्या जुन्या भागाच्या) काळात बनलेली मते आजच्या, संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या गाडीवर लादण्याला. वडीलधाऱ्यांनी शिकवलेली युक्ती त्यांच्या गाडीपुरती बरोबरही असेल, पण ती गाडी कधीच भंगारात गेली आणि युक्ती मात्र घरात राहिली. त्याच त्या चुका समजावून सांगताना तोंड दुखू लागल्यामुळे त्या एकदाच्या लिहून काढत आहे.

सर्वांत अक्षम्य चूक म्हणजे उतार लागताच गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे. यामागे इंधन वाचवण्याचे कारण दिले जाते. कार्ब्युरेटरच्या इंजिनापुरते त्यात थोडेफार तथ्य होते. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे संगणकाने मोजून इंधन फवारणाऱ्या इंजिनात मात्र गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंजिनाचा वेग एका ठरावीक मर्यादेखाली येईपर्यंत इंधनाचा पुरवठा पूर्ण बंद होतो आणि चाकेच इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये टाकल्यास इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जाळावेच लागते. म्हणजे, जिथे वेग आवरावाच लागतो अशा उतारावर, ज्या बचतीसाठी धोका पत्करायचा ती बचत मुळात होतच नाही.

धोका म्हणजे काय, हे एका परिचितांच्या गाडीतून लांबलचक घाट उतरताना जवळून पाहिले. गाडी न्यूट्रलमध्ये होती आणि त्यांचा उजवा पाय ब्रेकवर अखंड टेकलेला होता. काही वळणांनंतर जळका वास येऊ लागला. तो पुढच्या ट्रकचा असल्याचे त्यांनी तितक्याच आत्मविश्वासाने सांगितले. ट्रक वळणाआड गेला, वास मात्र आमच्याबरोबरच राहिला. पुढच्या वळणावर ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली गेले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मी त्यांना आधी तिसरा आणि मग दुसरा गिअर टाकायला लावला, इंजिनाने गाडी ओढून धरली आणि रस्त्याच्या कडेला मोकळी जागा मिळताच आम्ही थांबलो. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर निघत होता. त्यावर ओतण्यासाठी त्यांनी पाण्याची बाटली काढली, ती मला हातातून काढून घ्यावी लागली, कारण तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी पडल्यास तिला तडा जाऊ शकतो किंवा ती वाकडी होऊ शकते. ब्रेक निवल्यावर पेडल पूर्ववत झाले. नंतर सर्व्हिसिंगच्या नोंदी चाळल्या, तर गाडी घेतल्यापासून ब्रेक ऑइल एकदाही बदललेले नव्हते.

हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि खरी मेख तिथेच आहे. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच अट १५५ अंशांची आहे. अतितप्त ब्रेकजवळ ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून मी दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलतो, ते वरून कितीही स्वच्छ दिसत असले तरी. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकतो, वेग वाढलाच तर थोडा वेळ जोरात ब्रेक लावून पाय पूर्ण उचलतो. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर हाताने निवडण्याची सोय बहुधा असते, पण तिच्याकडे बघण्याचे कष्ट कोणी घेत नाही. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बॅटरी पूर्ण भरून घाटमाथ्यावरून निघाल्यास उतारावर निर्माण होणारी वीज साठवायला जागाच नसते, त्यामुळे मोटरच्या रोधाचा आधार सुरुवातीला कमी मिळू शकतो.

दुसरी आवडती चूक गाडी घेतानाच होते. ‘डिझेलला ॲव्हरेज चांगला’ या एका वाक्यावर एका नातेवाइकांनी डिझेल गाडी घेतली आणि ती घर ते कार्यालय एवढ्या जेमतेम अंतरासाठी वापरली. आधुनिक डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारे फिल्टर असते, ज्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळण्यासाठी तिथले तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत जावे लागते आणि त्यासाठी गाडी काही काळ सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. इंजिन पुरते तापण्याआधीच किल्ली फिरवणाऱ्याच्या गाडीत ही साफसफाई दर वेळी अर्धवट राहते. तापमान वाढवण्यासाठी जादा सोडलेले डिझेल अशा वेळी इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते. या गृहस्थांना तर डिपस्टिकवरची ऑइलची पातळी वाढलेली पाहून समाधानच वाटत होते, ‘आमची गाडी ऑइल पीतच नाही’ असे ते कौतुकाने सांगत. डॅशबोर्डवरचा दिवा त्यांनी सेन्सरचा दोष मानला. अखेरीस इंजिनाची ताकदच आपोआप कमी झाली आणि गाडी उचलून न्यावी लागली.

त्यावर फिल्टरच काढून टाकण्याचा सल्ला देणारे तज्ज्ञही लगेच भेटले. अशा लोकांच्या हाती मी सायकलही देणार नाही. गाडी घेण्यापूर्वी महिनाभर आपल्या फेऱ्यांची अंतरे वहीत लिहावीत, एवढेच मी सुचवतो. बहुतेक फेऱ्या १० किलोमीटरच्या आतल्या असतील, तर माझ्या मते डिझेलचा विचारच करू नये. वर्षातून एकदा होणाऱ्या सहलीसाठी गाडी निवडणाऱ्यांना हे पटत नाही, हे मला ठाऊक आहे.

टायरमधली हवा लांबच्या प्रवासानंतर मोजून, दाब जास्त दिसला म्हणून कमी करू नये; दाराच्या खांबावरील पट्टीवर दिलेला आकडा थंड टायरसाठी असतो. टायरच्या अंगावर कोरलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरायचा नसतो.

सकाळी गाडी दहा-दहा मिनिटे जागेवर गुरगुरत ठेवू नये. अर्ध्या-एक मिनिटाने निघावे आणि इंजिन तापेपर्यंत ॲक्सिलरेटर हलका ठेवावा.

काही मते मात्र गाडीच्या मागे नव्हे, पुढे धावतात. लेन सांभाळणारी आणि पुढच्या वाहनाप्रमाणे वेग जुळवणारी यंत्रणा एकत्र असली, तरी ‘एसएई’ या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या स्वयंचलनाच्या वर्गीकरणात ती फक्त पातळी २ वर मोडते, आणि त्या पातळीवर रस्त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे चालकाची असते. अशा अनेक यंत्रणांना वेगात असताना समोर थांबलेले वाहन ओळखता येईलच असे नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते, हे फोनकडे पाहणाऱ्याने लक्षात घ्यावे. क्लच नीट सुटत नसताना ‘सगळे गाडीच करते’ म्हणणाऱ्या नवशिक्यांना मी ही सोय बंद करूनच शिकवतो.

एबीएसबाबत, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेबाबत, मते पुन्हा मागेच राहिली आहेत. प्रवासी गाड्यांत इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७० च्या दशकापासून येऊ लागले, तरी ‘ब्रेक सोडून-सोडून दाबावा’ हा उपदेश अजून चालू आहे. एबीएस असलेल्या गाडीत आणीबाणीच्या वेळी पेडल पूर्ण ताकदीने दाबून तसेच धरायचे असते आणि स्टिअरिंगने अडथळा चुकवायचा असतो, कारण चाके अडकू न देता गाडी वळती ठेवणे हेच एबीएसचे मुख्य काम आहे. सुट्या खडीवर तर थांबण्याचे अंतर वाढूही शकते. पेडल पायाखाली थरथरते, खडखडाट होतो, तो बिघाड नव्हे. नव्या चालकाला मी मोकळ्या मैदानात नेऊन माफक वेगात मुद्दाम कचकन ब्रेक लावायला सांगतो. पहिल्या खेपेला थरथर जाणवताच बहुतेकांचा पाय सुटतो, म्हणून तो टिकेपर्यंत पुन्हा पुन्हा लावायला लावतो.