मुलांना उंट घरच्या घरी कसा समजावायचा: माठ, बर्फ आणि घमेलंभर वाळू

शाळेत वाळवंटाचा प्रोजेक्ट दिला की आपण चार्ट पेपर आणतो, उंटाचं चित्र चिकटवतो, खाली 'वाळवंटातलं जहाज' लिहितो आणि झालं. माझी लेक परवा ठामपणे म्हणाली की उंटाच्या वशिंडात पाणी असतं, मग मी चार्ट बाजूला ठेवला आणि आम्ही कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्येच हे सगळं करून बघितलं, तुम्हीपण करा.

सुरुवात माठापासून. मुलांना माठाला बाहेरून हात लावायला सांगा, ओलसर लागतो, तेच पाणी उडून जातं म्हणून आतलं गार राहतं. आपला घामही हेच करतो, पण त्यात पाणी खर्च होतं. उंटाला ते परवडत नाही, म्हणून तो सरळ अंग तापू देतो. प्यायला पाणी नसलं की त्याचं तापमान पहाटे ३४ डिग्रीच्या आसपास आणि दुपारी ४० पर्यंत जातं, एवढा ताप आपल्याला आला तर डॉक्टरकडे पळू, त्याची मात्र ही उष्णता रात्रीच्या गार हवेत आपोआप निघून जाते, घाम न गाळता.

आता बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्या, एक लोकरीच्या टोपीत गुंडाळा, एक उघडा, दोन्ही बाल्कनीत उन्हात. उघडा आधी विरघळतो. पाठीवरची दाट लोकर उन्हाला अशीच अडवते. १९५०च्या दशकात सहारात क्नुट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने उंटाची लोकर कातरून बघितली, तर त्याचं पाणी जवळपास दीडपट जायला लागलं. मला हे फार आवडतं, कारण उन्हाळ्यात लोकर म्हणजे उकाडा असंच आपण धरून चालतो.

फ्रीजमधला स्टीलचा ग्लास काढून त्यावर तोंडाने हा करा, लगेच धुकं धरतं. रात्री उंटाचं नाक आतून असंच गार पडतं आणि बाहेर जाणाऱ्या श्वासातली बरीच वाफ तिथेच थांबते.

वाळूसाठी बिल्डिंगचं काम चालू असेल तिथे विचारून घमेलंभर आणा. एक बोट दाबा, रुतेल, पूर्ण तळवा ठेवा, वरच राहील. झालं, उंटाचा पसरट पाय कळला.

वशिंडासाठी वाटीत घट्ट तूप दाखवा. चरबी असते ती, चाऱ्याची टंचाई असली की कामी येते, आणि पाठीवर एकाच जागी साठल्यामुळे बाकीच्या अंगावर तिचं जाड पांघरूण राहत नाही, उष्णता सुटायला सोपं. पाणी घटून वजन पाव हिश्श्याने उतरलं तरी उंट तगतो, आणि मग दहा-पंधरा मिनिटांत शंभरेक लिटर पितो. एवढं पाणी एकदम आलं तरी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटत नाहीत, त्या लांबट असतात आणि भरपूर फुगू शकतात. इथे कणकेची लांबट गोळी करून दाखवा, चपटी.

गल्लीत उंटवाले काका आले तर नुसती चक्कर मारून परत येऊ नका. त्यांना विचारून, पुढच्या बाजूने, आधी पापण्यांचे लांब केस बघा, मग फटीसारख्या मिटणाऱ्या नाकपुड्या, आणि उंट बसला की छातीखालचा आणि गुडघ्यांवरचा जाड घट्टा, तापलेल्या वाळूवर तो त्याच्यावरच टेकतो.