रिमांड होममध्ये एचआयव्ही तपासणीला जाताना

मी आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) समुपदेशक आहे. मुलांच्या निरीक्षणगृहात पहिल्यांदाच तपासणीला जाणाऱ्या सहकाऱ्यांसाठी हे लिहितेय.

आधी रांग बंद करा. ‘एड्सची टेस्ट आहे, सगळे उभे राहा’ असं पुकारलं की कुणालाच नाही म्हणता येत नाही. कोंडलेल्या मुलाला प्रत्येक सूचना हुकूमच वाटते. अधीक्षकांकडून वेगळी खोली मागून घ्या. काळजीवाहक दाराबाहेर बसू देत, पण आतलं बोलणं त्यांच्या कानावर जायला नको. खरूज, दात, हिमोग्लोबिन यांच्या तपासणीच्याच दिवशी जा, म्हणजे कोण कशासाठी आत गेलं हे इतर मुलांना कळत नाही.

अठराच्या आतल्या मुलासाठी सही मोठ्या माणसाची लागते. पण एचआयव्ही कायद्याला (2017 चा, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू) समजून-उमजून दिलेली संमती हवी आहे, म्हणून सही झालेली असली तरी मी मुलाला सांगते, “नाही म्हणालास तरी तुझ्या केसवर, जामिनावर काही फरक पडणार नाही.” तो नाही म्हणाला, तर रक्त घ्यायचं नाही.

एकाच सुईने गोंदवलंय का, नशेची सुई वाटून घेतली का, हे सरळ विचारा. लैंगिक संबंधांविषयी विचारण्याआधी मात्र सांगा, की असं काही कळलं तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली मला ते पोलिसांना कळवावं लागेल. हे लपवून मुलाला बोलतं करणं मला अन्यायाचं वाटतं. घटना 72 तासांच्या आतली असेल तर लगेच डॉक्टरांकडे न्या. पीईपीची, म्हणजे संसर्ग टाळण्यासाठीची, औषधं त्याच मुदतीत सुरू व्हावी लागतात.

रिपोर्ट शक्यतो त्याच दिवशी द्या, कारण उद्या त्याला जामीन मिळून तो घरी गेलेला असेल. पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली (संसर्गाची शक्यता दिसली) म्हणजे निदान झालं असं नाही. वेगवेगळ्या किटवर तीन चाचण्या करूनच पॉझिटिव्ह म्हणायचं. जोखीम अलीकडची असेल तर निगेटिव्ह आल्यावरही तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगा.

“कोण निघालं?” असं कर्मचारी विचारतीलच, तेव्हा नाव सांगू नका. ताट किंवा अंथरूण वेगळं करायचं काहीच कारण नाही, हे मात्र त्यांना नीट समजावा. एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) सुरू झालेल्या मुलाला सर्वांसमोर नाव पुकारून गोळी देऊ नये, हेही अधीक्षकांशी ठरवून घ्या.

सुटण्याआधी घराजवळचं एआरटी सेंटर त्याच्याकडून तोंडपाठ करून घ्या, सोबत 1097 हा हेल्पलाइन नंबरही. खिशातली चिठ्ठी घरच्यांच्या हाती लागू शकते.