मुंबईला पहिल्यांदा एकटीने माल भरायला जाताना: पसंतीपासून बिल्टीपर्यंत

मुंबईला माल भरायला पहिल्यांदा एकटी निघालेल्या बाईला गावातला जो तो दोन सल्ले देतो. पाकीट सांभाळ, आणि शेठ सांगेल त्याच्या निम्म्यापासून भाव कर. पाकीट सांभाळायलाच हवं, त्यात वाद नाही. पण दुसरा सल्ला घाऊक बाजारात घातक आहे, आणि खरं नुकसान जिथं होतं त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आमचं बार्शीकडचं कापडाचं दुकान. ड्रेस मटेरियल, ब्लाउजपीस, अस्तर, साड्या. त्यामुळे उदाहरणं कापडाची आहेत, पण भांडी, कटलरी किंवा इलेक्ट्रिकचा माल घेणाऱ्यालाही टप्पे हेच लागतात. शेवटी हातात यायला हवी ती बिल्टी, म्हणजे माल बुक केल्याची ट्रान्सपोर्टची पावती.

निघण्यापूर्वी

जीएसटी नोंदणीची प्रत, दुकानाचं कार्ड, बँकेची सोय हे तुम्ही करालच. वार मात्र विचार करून निवडा. मंगळदास आणि मुळजी जेठा ही कापडाची दोन्ही घाऊक मार्केटं रविवारी बंद असतात. शनिवारी घेतलेला माल बहुतेक वेळा सोमवारीच चढतो, म्हणजे दोन दिवस तो कुणाच्या तरी ओट्यावर पडून राहणार. मंगळवार ते गुरुवारातला दिवस धरा. लग्नसराईचा किंवा दिवाळीचा माल असेल तर निदान महिनाभर आधी जा. सण तोंडावर आला की चांगले रंग उचलले गेलेले असतात.

यादी करताना ‘काय आणायचं’ एवढंच लिहू नका, ‘कशात किती रुपये घालायचे’ तेही लिहा. अस्तरात इतके, ब्लाउजपीसमध्ये इतके. बाजारात डोळ्यांसमोर इतका माल येतो की रुपयांचा आकडा लिहिलेला नसेल तर सगळे पैसे ड्रेस मटेरियलमध्ये जातात आणि रोज खपणारं अस्तर राहून जातं.

आणखी एक काम गावातच करा, कारण मुंबईत ते होत नाही. तुमच्या गावात माल उतरवणाऱ्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये स्वतः जा आणि विचारा: मुंबईत तुमचं बुकिंग कुठं होतं, किती वाजेपर्यंत घेता, गाडी कोणत्या वारी निघते? पत्ता आणि फोन लिहून घ्या. हे का, ते पुढे येईल.

पोचणं

रात्रीची गाडी, सकाळी सीएसएमटी. आमच्याकडचे लोक कुर्डुवाडीला सिद्धेश्वर एक्सप्रेस धरतात, कोल्हापूरकडचे महालक्ष्मी, नागपूरकडचे विदर्भ. वेटिंग रूममध्ये आवरा, बॅग क्लोक रूममध्ये टाका (कुलूप लावूनच, बिनकुलपाची बॅग घेत नाहीत) आणि पोटभर खाऊन घ्या. स्टेशनसमोर आरामचा वडापाव आहे.

मुक्काम करायचाच असेल तर सीएसएमटीच्या आसपास खोली घ्या. पैसे वाचवायला डोंबिवली-बोरिवलीच्या नातेवाइकांकडे उतरू नका. माणसं प्रेमाची असतात, पण सकाळच्या गर्दीची लोकल आणि संध्याकाळची परतीची लोकल यांत तुमचं अर्धं बळ जातं आणि कामाचे मधले तास थकलेल्या डोक्याने जातात. खोलीचं भाडं हा धंद्याचा खर्च आहे, तो करा.

स्टेशनपासून क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई, पायी दहा मिनिटांवर आहे. तिच्या पलीकडच्या गल्ल्यांत मंगळदास, आणि तिथून जवळच मुळजी जेठा. टॅक्सीची गरज नाही. दादर-वांद्र्याच्या बाजूने येणार असाल तर मेट्रो ३ चं काळबादेवी स्टेशन आता सोयीचं पडतं.

पहिली फेरी: फक्त बघायचं

बाजार अकराच्या सुमारास उघडतो. दुपारी एकपर्यंत एक रुपयाचाही माल घेऊ नका. वहीत दर दुकानाला एक पान द्या: गल्लीचा नंबर, दुकानाचा नंबर, डिझाइन नंबर, भाव. मंगळदासच्या गल्ल्या सारख्या दिसतात, नुसतं नाव लिहिलंत तर परत सापडणार नाही.

भाव विचारताना चार गोष्टी एका दमात विचारायच्या: भाव नेट की वर जीएसटी? सेट किती नगांचा? पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, किती? आणि हाच माल पुन्हा लागला तर मिळेल का? या चार प्रश्नांनी शेठला कळतं की समोर दुकानदार बसलाय, घरगुती गिऱ्हाईक नाही. निम्म्या भावाने सुरुवात केलीत तर त्याला उलटं कळतं, आणि तो चांगला माल कपाटातून काढतच नाही. घाऊकात सूट निघते ती मीटरमागे दोन-पाच रुपयांची, किंवा नग वाढवल्यावर. तेवढी जरूर मागा, मिळते. पहिल्या फेरीला उधारी मात्र मागू नका. ओळख दोन-तीन हंगामांत होते, मग शेठ आपणहून विचारतो.

माल पसंत पडल्यापासून बिल्टी मिळेपर्यंत

इथं मात्र नीट थांबा. सगळ्या व्यवहारात हाच टप्पा मला सर्वांत उशिरा जमला, आणि नव्या माणसाचे पैसे जातात ते इथंच.

होतं असं: तुम्ही गादीवर बसून समोरचा एक नमुना पसंत करता. पण तुमचा माल तो नसतो. तुमचा माल माळ्यावरून किंवा दुसऱ्या इमारतीतल्या गोदामातून एक पोऱ्या आणणार असतो. चहा येतो, तुमचं मन पुढच्या दुकानात गेलेलं असतं, आणि तुम्ही म्हणता, “शेठ, बांधून ठेवा, मी तेवढ्यात पुढचं बघून येते.” हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. दर वेळी कुणी फसवतंच असं नाही. पोऱ्या शेजारचा डिझाइन नंबर उचलतो. सेटमधले दोन रंग संपलेले असतात, म्हणून आहे त्याच रंगाचे दोन जास्त घालतो. रंगाईची खेप बदललेली असते. मग माल चार-आठ दिवसांनी गावात उतरतो, आणि तेव्हा तुमच्याकडे आपण काय पसंत केलं होतं याचा काहीच पुरावा नसतो.

म्हणून पसंती झाली की त्या नमुन्याचा फोटो डिझाइन नंबरच्या स्टिकरसकट काढा. ताक्याचं कापड असेल तर दोन बोटांची कटिंग मागा आणि वहीच्या त्या पानाला टाचा. माल समोर येईपर्यंत तिथंच बसा. आला की सोडा आणि मोजा, मोठ्याने. एका दुकानात मी बारा नगांचा सेट उलगडायला घेतला तेव्हा तिथला माणूस म्हणाला, “बेन, रोज का माल है, आँख बंद करके ले जाओ.” मी हो म्हटलं आणि मोजत राहिले. रामा रंगाचे तीन निघाले, वांगी एकही नाही. त्याने काही न बोलता दोन बदलून दिले. व्यवस्थित व्यापारी मोजण्याचा राग धरत नाही. जो धरतो त्याच्याकडे घेऊ नका.

रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका. एक नग हातात घेऊन गल्लीच्या तोंडाशी उजेडात जा. दिव्याखाली मरून आणि वाइन सारखेच दिसतात, बॉटल ग्रीन काळा वाटतो. अस्तर घेताना तर हे फारच महत्त्वाचं, कारण तुमचं गिऱ्हाईक ब्लाउजपीस घेऊन येऊन अस्तर जुळवून बघणार. एकाच नंबरचे दोन ताके शेजारी धरा; एकात पिवळसर झाक असेल तर ती उजेडातच दिसते. गडद रंगाच्या सुती कापडाचा कोपरा ओल्या पांढऱ्या रुमालाने चोळा. रुमालावर रंग आला तर तो माल सोडा. ड्रेस मटेरियलचा एक नग घडी मोडून टेपने मोजा. टॉप अडीच मीटर सांगतात आणि निघतो सव्वादोन. अशा टॉपमध्ये उंच बाईचा बाह्यांचा ड्रेस बसत नाही, आणि ती ऐकवते तुम्हाला, मुंबईच्या शेठला नाही.

मग बिल. विकणाऱ्याचा जीएसटी नंबर पंधरा अंकी-अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ने सुरू होतो. नवी पेढी असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर तो नंबर तिथंच टाकून बघा, नाव आणि नोंदणी चालू आहे का ते लगेच दिसतं. तुमचा नंबर बिलावर अंक-अंक जुळवा. कापडावर ५ टक्के म्हणजे अडीच केंद्राचे, अडीच राज्याचे. “कच्चं घ्या, पाच टक्के वाचतील” असं कुणीतरी म्हणेलच, म्हणजे जीएसटीच्या बिलाशिवाय. घेऊ नका. वाटेत माल अडला किंवा गहाळ झाला तर तो तुमचा आहे हे दाखवायला हातात काही नसतं. तुम्ही कंपोझिशनमध्ये (लहान दुकानदारांच्या सोप्या जीएसटी योजनेत) असाल आणि टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नसेल तरीही पक्कं बिलच घ्या. एका बिलाची रक्कम १ लाखाच्या वर गेली तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातही ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीसाठी जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागतं. ते कोण काढणार हे आधी विचारा.

पैसे मोजणी, बांधणी आणि बिल झाल्यावर द्या, त्याआधी नाही. क्यूआर स्कॅन केल्यावर येणारं नाव आणि बिलावरचं पेढीचं नाव एकच हवं. ‘माझ्या भावाच्या नंबरवर टाका’ याला सरळ नाही म्हणा. एका व्यापाऱ्याला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलीत तर ती रक्कम आयकरात खर्च म्हणून धरली जात नाही, म्हणून रोख फक्त हमाली आणि किरकोळीपुरती ठेवा. यूपीआयची दिवसाची मर्यादा साधारण १ लाख असते. जास्तीची खरेदी असेल तर नेट बँकिंगला त्या पेढीचं खातं सकाळीच जोडून ठेवा. नव्या खात्याला बँक काही तास अडवते.

आता ट्रान्सपोर्ट. शेठला विचारलंत तर तो त्याच्या रोजच्या ट्रान्सपोर्टने माल टाकतो. त्यात त्याचा दोष नाही, पण ती गाडी तुमच्या तालुक्याला जातच नसेल तर माल सोलापूरला किंवा पुण्याला उतरतो. तिथून तो आणायचं दुसरं भाडं तुमचं, आणि वेळेत सोडवला नाही तर गोडाऊनचं भाडं वेगळं. गावातून आणलेलं ट्रान्सपोर्टचं नाव आणि बुकिंगचा पत्ता बिलावरच लिहून घ्यायला सांगा. किरकोळ खरेदी तीन-चार दुकानांतली असेल तर प्रत्येक बिल्टीला किमान भाडं लागतं. तेव्हा सगळे पुडे एका दुकानी आणून एकच नग, म्हणजे एकच गोणी, बांधा. पण तो तुमच्या डोळ्यांसमोर शिवला पाहिजे, आत सगळ्या बिलांच्या प्रती टाकून.

गोणीवर मार्का मोठ्या अक्षरांत लिहून घ्या: दुकानाचं नाव, गाव, फोन, आणि ‘३ पैकी १’ असा नगाचा आकडा. मार्का दिसेल असा फोटो काढा, शिवणीचाही. हमाली आधी ठरवा, आणि बुकिंग जवळ असेल तर हमालाबरोबर चालत जा. बिल्टीवर नगांची संख्या, वजन, बिलाचा नंबर आणि भाडं ‘पेड’ (आधीच भरलेलं) की ‘टू पे’ (माल सोडवताना द्यायचं) हे वाचल्याशिवाय तिथून हलू नका. दूरच्या बुकिंगला दुकानाचा माणूस जाणार असेल तर बिल्टीचा फोटो त्याच संध्याकाळी मागा आणि मूळ प्रत कुरिअरने मागवा. पुष्कळ ठिकाणी मूळ प्रतीशिवाय माल सोडत नाहीत.

“थोडा माल सोबतच आण, भाडं वाचेल” हे ऐकू नका. दोन जड पिशव्या घेऊन लोकल, फलाट आणि जिना करणं एकट्या बाईला झेपत नाही, आणि त्या नादात पर्स आणि मोबाइल दोन्हींवरचं लक्ष उडतं. सोबत फक्त कटिंगची वही आणि बिलं.

दादर

वेळ उरला तर हिंदमाता, दादरचं कापडाचं मार्केट. सीएसएमटीहून फास्ट लोकलने दादर, लेडीज डब्याने, साडेचारच्या आत. पाचनंतर त्या दिशेच्या गाड्या भरून जातात. आमची परतीची गाडी दादरलाही थांबते, त्यामुळे हिंदमाता करायचं असेल त्या दिवशी बॅग क्लोक रूममधून आधी काढून घ्या आणि पुन्हा सीएसएमटीला जाऊ नका.

गावात माल उतरल्यावर

सही करण्यापूर्वी शिवणीचे फोटो समोर ठेवून गोणी बघा. शिवण उसवलेली किंवा वजन कमी वाटलं तर ट्रान्सपोर्टच्या पावतीवर तसं लिहा, मगच सही. दुकानात आणून त्याच दिवशी मोजा. काही कमी असेल तर त्याच संध्याकाळी शेठला फोटो पाठवा. आठवड्यानंतर केलेली तक्रार कुणी ऐकत नाही.

तुम्ही कंपोझिशनमध्ये नसाल तर पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर तुमच्या खात्यात जीएसटीआर-२बी दिसतं, म्हणजे विकणाऱ्यांनी तुमच्या नंबरवर चढवलेल्या बिलांची यादी. त्यात प्रत्येक पेढीचं बिल आलंय का ते वहीशी ताडून बघा. एखादं नसेल तर त्या पेढीला त्याच दिवशी फोन करा, आणि ते बिल चढेपर्यंत तिथं पुढची ऑर्डर देऊ नका.